ठिपका हलतोय की पेशी

१२ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, "बिराजदार सर, बीपीची गोळी वाढवायची नसेल तर राग आला की बोलू नका, लिहून काढा." म्हणून ही वही. जन्मभर उमरग्याच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. आवाज चढवल्याशिवाय एकाही तुकडीला घर्षण कळलं नाही. आता निवृत्तीनंतर म्हणे, गप्प बसा.

आजचं कारण: आमची मुलगी शिवरंजनी. न कळवता पुण्याच्या गाडीनं सकाळी दारात हजर. दोन बॅगा, लॅपटॉप आणि कुकर. चार दिवसांसाठी आलेलं माणूस कुकर आणत नाही. पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे, प्रबंध लिहायला घ्यायचा आहे आणि ही इथं.

"किती दिवस आहेस?" विचारलं.

"राहते थोडे दिवस, अप्पा."

"थोडे म्हणजे?"

बायको शांतम्मा आतून म्हणाली, "इरली बिडरी." राहू द्या, असा त्याचा कानडी अर्थ. आमच्या घरात मात्र तो 'आता तोंड मिटा' असा घ्यायचा असतो.

मिटलं.

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळी फिरताना लिंबाजीरावांनी विचारलंच, "पोरगी आलीय म्हणं. डॉक्टर झाली का?" लिंबाजीरावांनी कॉलेजात भूगोल शिकवला, त्यामुळं कोण कुठं गेलंय आणि का, हे त्यांना माहीत असावं लागतं. मी म्हणालो, लिखाण चालू आहे. खोटं नाही. ती लॅपटॉपसमोर बसलेली असते.

दुपारी मी तिच्यापाशी जाऊन बसलो. पडद्यावर काळोख आणि त्यात हिरवे ठिपके, थरथरणारे.

"हे काय?"

"जिवाणू. प्रत्येकाच्या आत डीएनएचा एकच लांब धागा असतो. त्या धाग्यावर एका जागी आम्ही चमकणारं प्रथिन बसवतो. जिवंत पेशीत ती जागा कशी हलते ते बघायचं."

"हलणारच. उष्णता आहे. पाण्यातले परागकण हलतात तसं. वेळ चौपट दिला की सरकलेल्या अंतराचा वर्ग चौपट. बारावीला शिकवतात."

"इथं चौपट होत नाही अप्पा. दुप्पटसुद्धा होत नाही."

"मग मोजण्यात चूक आहे."

ती हसली. हसणं चांगलं वाटलं, पण कारण चुकीचं होतं. मग तिनं समजावलं. पाण्यातला कण मोकळा असतो. हा ठिपका धाग्याला गाठ मारल्यासारखा. जरा पुढं सरकला की शेजारचा धागा मागं ओढतो, त्याला त्याच्या शेजारचा. शिवाय पेशीच्या आत पाणी नाही, दाट लगदा आहे, तो दाबला की उलटा रेटतो. जिवाणू खोलीएवढा धरला तर त्यात कोंबलेला धागा आपल्या घरापासून बसस्टँड ओलांडून पलीकडं जाईल एवढा.

मला पटलं नाही. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

१६ डिसेंबर, सोमवार

प्रयोग करून पाहिला. डब्यात भिजवलेला साबुदाणा, त्यात सुतळीचा गुंडा कोंबला, सुतळीवर एका जागी लाल दोरा बांधला आणि डबा हलवत राहिलो. लाल दोरा खरंच फार लांब जात नाही. जातो, परत येतो, तिथंच कुढत बसतो. दुसऱ्या डब्यात सुटं लाल बटण टाकलं, ते मात्र भटकत कडेला गेलं.

म्हणजे पोरीचं बरोबर आहे. तिला सांगायला गेलो तर शांतम्मा डब्याशी उभी. "उपासाचा साबुदाणा व्हता त्यो. सुतळी घातली त्यात?"

विज्ञानाचा एवढा अपमान याआधी याच घरात अनेकदा झाला आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी सात वाजले की कोणा दिग्विजयचा फोन येतो. तिच्याच प्रयोगशाळेतला, तिला सीनियर, कराडकडचा. फोन आला की ही गच्चीवर. अर्धा अर्धा तास. जिवाणूंबद्दल एवढं काय बोलायचं असतं? मी एकदा वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं वर गेलो, तर ती म्हणत होती, "जेवलास का?" म्हणजे विज्ञान बाजूलाच.

शांतम्माला म्हणालो, या पोराला कामधंदा दिसत नाही. ती म्हणाली, "लई हुशार हाय म्हणं त्यो. मार्चात प्रोफेसर व्हनार हाय." हिला कसं माहीत? म्हणे, रंजूनं सांगितलं. मला कोणी काही सांगत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज सगळं बाहेर पडलं. मीच आवाज चढवला (डॉक्टरांना सांगणार नाही). विचारलं, परत कधी जाणार? ती म्हणाली, "माझा निकाल आमच्याच प्रयोगशाळेच्या निकालाशी जुळत नाही."

गोष्ट अशी. ठिपके हलतात ते नुसत्या उष्णतेनं, की पेशी जिवंत असल्यामुळं जास्तीचे हलतात, हा मोठा प्रश्न आहे. जिवंत पेशी सतत इंधन जाळते, तिची यंत्रं धाग्यावरून धावतात, त्याचेही धक्के बसत असणार. हे तपासायला पेशीचं इंधन विषानं बंद करायचं, तापमान तेच ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन वर्षांपूर्वी दिग्विजयनं हे केलं. जिवंत पेशीतली हालचाल मेलेल्या पेशीतल्यापेक्षा तिप्पट निघाली. मोठ्या नियतकालिकात छापून आलं. त्याच्याच जोरावर त्याला नोकरी मिळते आहे.

रंजूनं तेच पुन्हा केलं, तर दीडपटीच्या वर येत नाही.

"मग तुझं चुकलंय," मी म्हणालो.

"मलाही सहा महिने तसंच वाटलं. मग कळलं. पेशी आम्ही अगारच्या वडीवर ठेवतो..."

"म्हणजे आपलं चायनाग्रास."

"तेच. जिवंत पेशी तिच्यावर वाढतात, एकमेकींना ढकलतात, अख्ख्या सरकतात. मेलेल्या पडून राहतात. अप्पा, एसटीतला माणूस डुलतोय की एसटीच डुलतेय, हे त्यानं वेगळं केलंच नाही. पेशीचं सरकणं त्यानं ठिपक्याच्या खात्यात धरलं."

"त्याला सांगितलंस?"

"अजून नाही."

"गाइडना?"

"सांगितलं. सर म्हणाले, फरक बारीक आहे, तो आलेख प्रबंधातून गाळ आणि पदवी घे."

मी म्हणालो, बरोबर बोलले. तुला पदवी घ्यायची आहे. दुसऱ्याच्या आलेखाशी तुझा काय संबंध? अनुभवी माणूस सांगतोय तर ऐकावं.

ती ताट बाजूला सारून उठली. शांतम्मा भांडी गोळा करत म्हणाली, "प्रॅक्टिकलच्या वह्या कोण भिरकावत व्हतं खिडकीतनं? सगळ्या पोरांचं उत्तर सारखं आलं म्हनून?"

ते वेगळं होतं. ती मुलं लंबकाला हात न लावता आकडे लिहायची. दिग्विजयनं निदान मोजलं तरी होतं. हे मी शांतम्माला सांगितलं. तिनं नळ मोठा सोडला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काल संध्याकाळी रंजूनं दिग्विजयला सांगून टाकलं. गच्चीवरून खाली आली तेव्हा चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय म्हणाला? "काहीच नाही अप्पा. ठेवला फोन."

आज सात वाजता फोन आला नाही. चला, एक बरं झालं. आता कामात लक्ष लागेल.

२ जानेवारी, गुरुवार

फोन बंदच आहे आणि तरी काम होत नाही. बसते, पडद्याकडं बघते, मोबाइल उलटा करून ठेवते, परत सुलटा करते. जेवण अर्ध्यावर. मला वाटतं शांतम्मा शेंगदाण्याची चटणी फार तेलकट करते. तसं सुचवलं, तर माझ्याच ताटातून चटणी उचलली.

हल्ली संध्याकाळी सात वाजता दोघी मायलेकी गच्चीवर जाऊन बसतात. काय बोलतात ठाऊक नाही. कानडीत हळू चालतं. मी गेलो की गप्प.

आज मात्र मला कल्पना सुचली. पहाटे फिरताना सुचली, लिंबाजीराव काही सांगत होते ते ऐकलंच नाही. एका पेशीत एक ठिपका का? धाग्यावर दोन ठिकाणी दोन ठिपके लावा. मग त्या दोघांतलं अंतर मोजा. एसटी डुलली तर दोन्ही प्रवासी सारखेच डुलतील, त्यांच्यातलं अंतर बदलणार नाही. अंतर बदललं तर ती धाग्याची स्वतःची हालचाल. हायवेवरून जवळजवळ पळत आलो, एका ट्रकवाल्यानं शिवी दिली.

रंजू दात घासत होती. सगळं सांगितलं. तिनं चूळ भरली.

"हो अप्पा. ते मी ऑगस्टातच केलं. दीडपट आलं ते त्याच्यावरूनच."

मग त्या दिवशी तासभर सांगत होतीस तेव्हा हे का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणे, तुम्ही चायनाग्रासवर अडकला होता.

८ जानेवारी, बुधवार

तिच्यावर विश्वास नाही असं नाही, पण तपासल्याशिवाय मी कोणाचंच बरोबर म्हटलेलं नाही. तिच्याकडून चित्रं मागितली. ठिपक्यांच्या जोड्या, प्रत्येक क्षणाचं अंतर. जिवंत एकीकडं, विष दिलेल्या दुसरीकडं. आलेखाचा कागद आता मिळत नाही, उमरग्यातल्या दुकानदारानं मला 'ते काय असतं' असं विचारलं. शेवटी साध्या कागदावर पट्टीनं रेघा मारल्या. गेले काही दिवस तेच करतोय. डोळे दुखतात. रंजू म्हणते, संगणक हे एका क्षणात करतो. करत असेल. संगणकाला वह्या तपासायचा सराव नाही.

आज शेवटचे बिंदू टाकले. दीडपट. थोडं इकडं तिकडं, पण तिप्पट कुठल्याही वाटेनं येत नाही. विष दिल्यावर हालचाल कमी होते हे खरंच. जिवंतपणाचा हात आहे, पण त्यानं सांगितला तेवढा मोठा नाही.

"आणि अप्पा, दीडपटसुद्धा सगळी जिवंतपणाची आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही," रंजू म्हणाली. "विष दिल्यावर आतला लगदा जास्त दाट होत असेल तर त्यानंही हालचाल मंदावेल. ते अजून मला माहीत नाही."

माझ्या अख्ख्या नोकरीत एकही विद्यार्थी मला 'अजून माहीत नाही' असं म्हणाला नव्हता. सगळ्यांना सगळं माहीत असायचं.

११ जानेवारी, शनिवार

आज न विचारता तिच्या गाइडना फोन केला. नंबर शांतम्मानं रंजूच्या मोबाइलमधून काढून दिला. हे चुकीचं होतं. तिचं लग्नाचं वय झालेलं आहे आणि मी पाचवीतल्या पोरीच्या बापासारखा वर्गशिक्षकांना फोन लावतोय. पण मला फक्त म्हणायचं होतं की साहेब, समजून घ्या, पदवी अडवू नका.

माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "काळजी करू नका. शेवटच्या वर्षात होतं असं. मुलींना ताण झेपत नाही, मग कुठंतरी बारीकसारीक चूक शोधून त्यातच अडकून बसतात. तुम्ही समजावा तिला. प्रॅक्टिकल राहायला सांगा."

मी समजावायलाच बसलो होतो. काही दिवसांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. म्हणालो होतो.

पण आज तोंडातून निघालं ते असं: "सर, ती ताणामुळं आलेली नाही. मी स्वतः बिंदू टाकून बघितले. तिचा आकडा बरोबर आहे."

ते म्हणाले, "आपण जीवशास्त्रातले का?"

"नाही. पट्टीतला," म्हणालो. उत्तर काही जमलं नाही. पण फोन मीच आधी ठेवला.

बीपी मोजलं. इथं लिहीत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रंजूनं आज गाइडना आणि दिग्विजयला, दोघांनाही एकच ईमेल पाठवली. सगळी चित्रं, सगळे आकडे, आणि शेवटी एक वाक्य: हा आलेख मी प्रबंधात ठेवणार आहे, आणि छापलेल्या लेखात दुरुस्ती व्हावी असं मला वाटतं. मला आधी वाचायला दिली. मी दोन स्वल्पविराम सुचवले. एक तिनं घेतला.

पाठवायचं बटण दाबायला तिनं फार वेळ लावला. मी म्हणालो, "घाबरतेस कशाला? फार तर पदवी लांबेल."

"पदवीचं नाही हो अप्पा."

मग कशाचं, विचारलं. तिनं बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात आईजवळ गेली.  मी तिळगूळ घेऊन गेलो तर शांतम्मानं हातानंच 'जा' म्हणून खूण केली. सणाच्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाला अशी वागणूक.

२३ जानेवारी, गुरुवार

गाइडचं उत्तर आलं: "पाहतो." एवढंच. दिग्विजयचं तेवढंही नाही.

मला आता त्या पोराचा राग येतो. चूक दाखवली की माणसानं भांडावं, नाहीतर मान्य करावं. गप्प बसतो म्हणजे काय? नोकरी जाईल अशी भीती असेल. असू दे. शांतम्माला म्हणालो, असल्या माणसाशी संबंध तुटला हे बरंच झालं. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी चष्मा पुसायला लागलो.

रंजू फेब्रुवारीत पुण्याला जायचं म्हणते. कुकर इथंच ठेवून जाणार. का, ते विचारलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्यात जास्त चिडचिड झाली, त्यामुळं सविस्तर लिहितो.

सकाळी अकराच्या सुमारास दारात एक उंच, दाढी वाढलेला पोरगा. "बिराजदार सर? मी दिग्विजय." सोलापूरला गाडी बदलून आला होता. पाठीवर एवढीशी पिशवी. ना फोन, ना निरोप. पुण्याच्या प्रयोगशाळेत न कळवता यायचंच शिकवतात असं दिसतं.

मी तयार होतो. माझे आलेख बैठकीतच होते. म्हणालो, बसा, भांडायला आला असाल तर आधी हे बघा. तो बसला. माझ्या पट्टीच्या रेघांवर वाकून प्रत्येक कागद नीट पाहिला. मग म्हणाला, "सर, मीही पुन्हा केलं. पहिल्यापासून. नव्या पेशी, दोन ठिपके. पंधरवडाभर मायक्रोस्कोप सोडला नाही. दीडपटही नाही आलं माझं. थोडं कमीच."

"मग फोन का नाही केलात?"

"आकडा हातात आल्याशिवाय काय बोलणार होतो? आधी तर मला तिचीच चूक काढायची होती. रोज शोधत होतो. सापडली नाही."

एवढ्यात रंजू आतून आली. दोघं एकमेकांकडं बघत उभे.  मी म्हणालो, अगं, यांचं थोडं कमी आलंय, तापमान विचार.

तिनं विचारलं नाही. म्हणाली, "आणि नोकरी?"

"कळवलंय त्यांना. काल नियतकालिकालाही लिहिलं, तुझं नाव घालून. नोकरीचं ते पुन्हा बघतील म्हणाले. कदाचित नाही मिळणार."

"मला विचारलं पण नाहीस. एवढे दिवस."

"चुकलं."

"आकडा चुकला ते मी समजू शकते. हे नाही."

मला वाटलं आता चर्चेला रंग चढेल, पण दोघं गच्चीवर निघून गेले. मी खुर्च्या घेऊन वर गेलो, तीन. शांतम्मानं खालून हाक मारली, डाळ वाटायची म्हणून. मी कधी डाळ वाटतो? पण गेलो. तिथं होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, घाट घातलेला. पुरणाची डाळ शिजलीसुद्धा. साध्या पाहुण्याला होळग्या कशाला? लिंबाजीराव मुलाच्या लग्नाचं बोलवायला आले होते तेव्हा चहात साखर कमी होती.

वरून आधी भांडणाचा आवाज येत होता. रंजूचाच जास्त. मग बराच वेळ काही नाही. मग हसण्याचा. पुन्हा भांडणाचा, पण आता लगद्याच्या दाटपणावर, ते शब्द मला नीट ऐकू आले. विष दिल्यावर लगदा घट्ट होतो का, हे वेगळ्या कणांवर तपासायचं असं काहीतरी ठरत होतं. इतका वेळ ते दोघं वर बसले आणि माझं मत एकदाही विचारलं नाही.

जेवताना तो चार होळग्या जेवला. कडबू म्हणजे पुरण भरलेली करंजी, हे शांतम्मानं त्याला समजावून सांगितलं, पुढच्या वेळी करते म्हणाली. पुढच्या वेळी? मी विचारायला तोंड उघडलं, तर तिनं वाटीत तूप ओतलं.

चारच्या गाडीला त्याला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. वाटेत त्याला मी सांगितलं की चूक मान्य करायला धाडस लागतं, नोकरी दुसरीकडं मिळेल, पण वडीवर पेशी ठेवताना यापुढं जपावं. तो 'हो सर' म्हणत राहिला. गाडी लागली तशी तो एकदम खाली वाकला आणि पायाला हात लावला. भर स्टँडवर. मग म्हणाला, "सर, पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन येऊ का? तुमची हरकत नसेल तर."

घरी आलो. शांतम्मा उंबऱ्यावर बसून वाट बघत होती. "काय म्हनला?"

"आई-वडलांना आणतो म्हणाला. मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास, कराडहून एवढ्या लांब. त्यांना मायक्रोस्कोपमधलं काय कळणार?"

शांतम्मानं पदर तोंडावर धरला आणि हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली. रंजू आतून धावत आली, तिनंही ऐकलं असणार, पण ती हसली नाही. आईच्या शेजारी बसली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. एकीचं हसू थांबेना, दुसरीचं रडू. मी गच्चीवरच्या खुर्च्या आणायला वर गेलो. दोन समोरासमोर होत्या. तिसरी मी ठेवली तिथंच, भिंतीला तोंड करून. तिच्यावरच जरा बसलो. मग ती उचलून त्या दोन खुर्च्यांच्या शेजारी नेऊन लावली आणि खाली हाक मारून शांतम्माला विचारलं, "कराडची मंडळी जेवायला येतील तेव्हा कडबूच करशील ना?"